पदकाआधीची माणसं

१५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण झाली. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधून कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला ४४ वर्षं लागली, ते लिअँडर पेसने १९९६ मध्ये आणलं. राज्यात आता खाशाबांचा जन्मदिवस क्रीडा दिन म्हणून पाळतात. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणी प्रतिमेला हार पडले, भाषणंही झाली. मला मात्र या शताब्दीला राहून राहून एका घराची आठवण होते आहे.

ते घर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांचं. आपल्या माजी विद्यार्थ्याला हेलसिंकीला जाता यावं म्हणून त्यांनी ते सात हजार रुपयांना गहाण टाकलं. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. त्या दिवशी पदक कुठे दिसत होतं? आधीच्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा सहावे आले होते. लाल मातीत वाढलेल्या गड्याला मॅटवर लढायचं होतं, तेही परमुलखात. तो रिकाम्या हाताने परतला असता तरी त्याला कोणी बोल लावला नसता, पण घरावरचं कर्ज काही चुकलं नसतं. हे ठाऊक असून सरांनी कागदावर सही केली. पदक आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि ती निघायलाच हवी होती. पुढे खाशाबांनी कुस्त्या भरवल्या आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पैशांतून सरांचं घर सोडवलं. शासनाचा अर्जुन पुरस्कार मात्र त्यांना हयातीत मिळाला नाही, मरणोत्तर मिळाला. ही खंत शंभराव्या वर्षीही कमी होत नाही.

याच आठवड्यात एका मित्राची मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली. मित्र एसटीत वाहक आहे. मी तिळगूळ घेऊन गेलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि पेढ्यांचे बॉक्स फ्रिजवर रचलेले होते. चौकात तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्सही लागलाय. दाराशी तिचे बूट होते. टाचेकडून झिजलेले, एका बुटाचा तळ सोल्युशनने चिकटवलेला. याच बुटांवर ती शाळेच्या मैदानात आठशे मीटरचा सराव करायची आणि रात्रपाळी करून आलेला बाप डोळे ताणून मोबाइलवर वेळ लावायचा. अभ्यासिका चालवणाऱ्या काकांनी दोन वर्षं तिच्याकडून फी मागितली नाही. गोळाफेकीचा गोळा शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेऊ दिला होता. ही माणसं त्या दिवशी घरात होती, पण मागे, भिंतीला टेकून उभी. मित्राने हाताला धरून त्यांना पुढे आणलं आणि पहिला पेढा त्यांच्या हातावर ठेवला. मला ते फार आवडलं.

गेल्या नोव्हेंबरच्या दोन तारखेला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज, सगळ्यांनी जीव ओतला. माझी नजर प्रशिक्षक अमोल मुजुमदारांवर खिळली होती. १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि विनोद यांनी शारदाश्रमसाठी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे हेच मुजुमदार. पुढे रणजीत त्यांनी धावांचे डोंगर रचले, पण भारताकडून खेळायला मिळालं नाही. त्या रात्री हरमनप्रीत कौर मैदानातच त्यांच्या पाया पडली. डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. आपल्या वाट्याला जे आलं नाही, ते दुसऱ्याच्या पदरात पडावं म्हणून राबायला फार मोठं मन लागतं.

मित्राला नोकरीत बढती मिळाली, कुणाचं पुस्तक निघालं, कुणाचा मुलगा परदेशी शिकायला गेला, की आपला ग्रुप अंगठे आणि पुष्पगुच्छांनी भरून जातो. तो आनंद खरा असतो, त्याला मी कमी लेखत नाही. पण पुस्तक छापायला पैसे कमी पडत होते तेव्हा, किंवा बढतीच्या परीक्षेत दोनदा अपयश आलं तेव्हा, किती जण त्याच्या घरी चहाला गेलो होतो? शाळा-कॉलेजांतल्या, पतसंस्थांच्या, गणेश मंडळांच्या लोकांना माझी विनंती आहे. गुणवंतांच्या सत्काराला जेवढा खर्च होतो, त्यातला निम्मा तरी अजून यादीत नाव न आलेल्यांच्या बुटांवर, प्रवासावर आणि परीक्षा फीवर करा. शाल आणि श्रीफळ नंतरही देता येईल.

येत्या रविवारी मुंबई मॅरेथॉन आहे. माझा एक मित्र पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच अर्धी मॅरेथॉन पळणार आहे. गुडघा कुरकुरतोय, घरच्यांना काळजी वाटते. तो शेवटपर्यंत पोचेल की नाही, त्यालाही खात्री नाही. पेडर रोडच्या चढावर पाय जड होतात, असं पळणारे सगळेच सांगतात. आम्ही चौघं पहाटेच्या लोकलने निघून त्याच चढावर, पाणी आणि सोललेली संत्री घेऊन उभे राहणार आहोत. कुणाला यायचं असेल तर या. तिथून आणखी कितीतरी अनोळखी माणसं पळत जाणार आहेत.