पंचगंगेतील सूक्ष्मप्लास्टिक व त्यावरील धातूंच्या तपासणीबाबत निवेदन

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : तेरवाड बंधाऱ्यामागील पाणी, गाळ व प्लास्टिककण यांतील धातू स्वतंत्रपणे मोजणे.

महोदय,

आम्ही शिरोळ तालुक्यातील पंचगंगाकाठचे शेतकरी, मच्छीमार व रहिवासी हे निवेदन सादर करीत आहोत.

विरघळलेले धातू मोजताना पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढण्याची रीत आहे. खाली उतरलेल्या पाण्याचा आकडा मिळतो, गाळणीवर राहिलेल्या कणांचा मिळत नाही. आमचे म्हणणे त्या कणांतील प्लास्टिकबद्दल आहे. नव्या, गुळगुळीत प्लास्टिकला धातू फारसे धरत नाहीत. उन्हापाण्याने ते तडकले, पृष्ठभागावर ऋणभार आला, वर जिवाणूंचा बुळबुळीत थर आणि लोह-मँगनीजचे पूट चढले, की शिसे, तांबे, जस्त, कॅडमियम त्याला चिकटतात. अशा वेळी गाळलेले पाणी निर्दोष ठरू शकते आणि धातू मात्र नदीतच असतात.

बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातल्यावर नदीचे तळे होते व कण तळाशी बसतात. तिथला प्राणवायू संपला, की लोह-मँगनीजचे पूट विरघळून धातू पुन्हा मोकळे होतात. चिलापीसारख्या माशाच्या तीव्र आम्ल जठरातही ते सुटू शकतात. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे निघाले, की हा गाळ नृसिंहवाडीला कृष्णेत उतरतो. यात केवळ इचलकरंजीच्या कापड-प्रोसेसर्सकडे बोट दाखवणे आम्हाला मान्य नाही. घरोघरच्या धुण्याच्या पाण्यातही पॉलिएस्टरचे तंतू असतात.

म्हणून एकाच दिवशी, एकाच जागी गाळलेले पाणी, न गाळलेले पाणी, तळगाळ आणि वेगळे काढलेले प्लास्टिक यांतील धातू निरनिराळे मोजावेत. सुमारे ३०० मायक्रॉनच्या जाळीतून बारीक तंतू निसटतात, तेव्हा केवळ जाळीवर विसंबू नये. नमुने बरगे काढण्यापूर्वी आणि पहिल्या पुरात, असे दोनदा घ्यावेत.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम आहे. सूक्ष्मप्लास्टिकची मर्यादाच नाही. निदान सांडपाण्यातील तंतूंसाठी तरी जल प्रदूषण अधिनियम, १९७४ च्या कलम १७ खाली मंडळाने मानक ठरवावे. अहवाल मराठीत ग्रामपंचायतींना द्यावेत.

येत्या पावसाळ्यात बरगे निघण्याआधी पहिले नमुने घेतले जावेत, ही विनंती.

कळावे,
आपले,
पंचगंगाकाठचे ग्रामस्थ, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर