आठच उदाहरणं

ओपन सोर्सला हातभार लावायचा तर माणूस पट्टीचा प्रोग्रॅमर हवा, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. मला तो पटत नाही. का, ते सांगतो.

युनिक्स किंवा लिनक्स वापरणाऱ्यांना मॅन पेजेस ठाऊक असतात. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं पहिलं युनिक्स मॅन्युअल नोव्हेंबर १९७१चं. या परंपरेबद्दल मला आदरच आहे. पण 'टार'चं मॅन पेज एकदा उघडून बघा. पर्यायांची ही भलीमोठी यादी! आपल्याला फक्त एक गठ्ठा सोडवायचा असतो. पुण्याची गाडी कितीला, असं विचारावं आणि समोरच्याने एसटीचं अख्खं वेळापत्रक हातात ठेवावं, तशी गत.

२०१३ साली सुरू झालेल्या टीएलडीआर पेजेस या प्रकल्पाने यावर साधा तोडगा काढला. एका कमांडला एक छोटं पान. वर ती काय करते ते थोडक्यात, आणि खाली नेहमी लागणारी उदाहरणं. तीही जास्तीत जास्त आठ. पानं साध्या मार्कडाउनमध्ये असतात आणि गिटहबवरून कोणीही त्यात सुधारणा सुचवू शकतो.

मी अशी काही पानं लिहिली आहेत. खरी मेहनत असते ती काय गाळायचं हे ठरवण्यात. आणि इथे जाणकार माणूस हमखास अडतो, कारण त्याला सगळंच महत्त्वाचं वाटतं. कमांड नुकतीच शिकलेल्याला मात्र पक्कं माहीत असतं की आपलं घोडं कुठे अडलं होतं.

अर्थात जबाबदारी आहेच. 'आरसिंक'मध्ये मूळ फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ दिली तर फक्त आतला ऐवज कॉपी होतो, नाही दिली तर फोल्डरसकट. जोडीला 'डिलीट'चा पर्याय असेल आणि ठिकाण चुकलं, तर तिथल्या फायली गेल्याच म्हणून समजा. वाचणारा घाईत असतो. तो ओळ उचलणार आणि तशीच टर्मिनलमध्ये डकवणार. म्हणून पान तपासणारा एकेका शब्दावर हटकतो तेव्हा रागावू नये.

कोणी म्हणेल, आता एआयला विचारलं की झालं, पानं हवीत कशाला? मीही विचारतो की! पण ते उत्तर तेवढ्यापुरतं आणि माझ्यापुरतं. त्यातली चूक मी दुरुस्त केली तरी शेजारच्याला तीच चूक पुन्हा मिळू शकते. इथे एकाने सुधारलेली ओळ सगळ्यांसाठी सुधारते. शिवाय पानं आधी उतरवून ठेवली, तर नेट नसलेल्या मशीनवरही ती हाताशी असतात.

तेव्हा मंडळी, एखादी कमांड परवाच शिकला असाल, तर तिचं पान आजच उघडून बघा. तुम्ही अडलात ती जागा त्यात नसेल तर लिहून पाठवा. सहा महिन्यांनी तुम्हीही जाणकार व्हाल, आणि मग नेमकं अडलं कुठे होतं ते काही केल्या आठवायचं नाही.