पाइपात वायरी किती भराव्यात?

मैत्रिणींनो, नागपूरचा मे महिना कसा असतो हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. मे 2013 मध्ये इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता! कूलर पुरेनासा झाला की घरात एसी घ्यायचे ठरते. वायरमन येतो, भिंतीतला जुना पाइप बघतो आणि म्हणतो, “ताई, यातूनच तीन वायरी ओढून देतो, भिंत फोडायला नको.” खर्च वाचला म्हणून आपणही खूश. पण हो म्हणण्याआधी एक हिशेब कराच.

वीज वाहताना वायर तापते आणि ती उष्णता बाहेर पडायला जागा लागते. म्हणून तीन किंवा जास्त वायरी असतील तर पाइपाची आतली जागा 40 टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये, असा ठोकताळा आहे.

पाइपाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला त्यानेच गुणा. 20 मिलिमीटरचा पाइप आतून साधारण 16 भरतो. 16 गुणिले 16 म्हणजे 256. त्याचे 40 टक्के 102. ही झाली मर्यादा.

आता प्रत्येक वायरीची आवरणासकट जाडी तशीच गुणा. दिव्या-पंख्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर सुमारे 3 मिलिमीटर जाड, म्हणजे 9. अशा चार असतील तर 36. प्लगची अडीचची वायर 3.6 जाड, म्हणजे 13. तिच्या तीन म्हणजे 39. बेरीज 75. इथवर ठीक. एसीसाठी चार चौरस मिलिमीटरच्या तीन वायरी घातल्या, तर प्रत्येकीचे 16 धरून आणखी 48. एकूण 123! मर्यादा ओलांडली. एसीला वेगळा पाइपच हवा.

कंपनीप्रमाणे जाडी थोडी बदलते, म्हणून वायरमनला मोजूनच सांगायला लावा. जबरदस्तीने ओढलेल्या वायरीचे आवरण आत खरवडते आणि ते कुणाला दिसत नाही. वरच्या मजल्यावर, उन्हाने तापलेल्या स्लॅबमधून पाइप गेला असेल तर मर्यादेच्या आतही हात राखूनच भरा. आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणी मोठा बसवून देऊ लागला, तर स्पष्ट नाही म्हणा. तो पडतो तो वायर वाचवायलाच. मोठा बसवला की वायर जळेपर्यंत तो गप्प राहील.

काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. बाहेरून पट्टीचा पाइप लावला तर भिंतही फोडावी लागत नाही. दिसायला थोडे बरे नाही, पण रात्री एसी लावून मुले निजली की आपल्यालाही निर्धास्त झोप लागते.