आपला ठेवा आपल्या घरी

टोरोंटोजवळच्या ओकव्हिलच्या मराठी घरांत मीडिया सर्व्हरचा, म्हणजे घरचा चित्रपट-चित्रणांचा साठा टीव्ही-फोनवर दाखवणाऱ्या संगणकाचा, विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो : सगळं यूट्यूबवर आणि ओटीटीवर मिळतं, मग हा खटाटोप कशाला?

सगळं मिळत नाही. ओटीटीचे हक्क देशागणिक वेगळे आणि मुदतीचे असतात. पुण्यात दिसणारा चित्रपट ओंटारियोत दिसेलच असं नाही आणि आज दिसणारा पुढच्या वर्षी राहीलच असंही नाही. शिवाय मुंजीची कॅसेट, आजीच्या आवाजातली भूपाळी, गणेशोत्सवात मुलांनी केलेलं नाटुकलं कुठली कंपनी दाखवणार आहे?

दुसरा आक्षेप चोरीचा. तो गंभीर आहे, म्हणून नीट उत्तर देतो. कॅनडाच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यातल्या कलम २९.२२ नुसार रीतसर मिळवलेल्या प्रतीची स्वतःच्या खासगी वापरासाठी नक्कल करता येते. मात्र डिजिटल कुलूप फोडायचं नाही, नक्कल कुणाला द्यायची नाही आणि मूळ प्रत विकायची किंवा देऊन टाकायची असेल तर आधी नक्कल पुसायची. चित्रपटांच्या बहुतेक डीव्हीडींना असं कुलूप असतं, त्यामुळे त्या या सवलतीतून बाद. इथे पळवाटा शोधू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण भारतातून येताना बॅगेत आणलेल्या नाटकांच्या व्हीसीडींना कुलूप नसतं. चकती संगणकात घाला, ‘एमपीईजीएव्ही’ हा फोल्डर उघडा. आत ‘डॅट’ फाइलमध्ये नाटक असतं. ती फाइल एकदाच एच.२६४ या व्हिडिओ-प्रकारात बदलून ठेवली की टीव्ही, फोन, टॅबलेट सगळे ती थेट चालवतात आणि सर्व्हरला दर वेळी रूपांतराची मेहनत पडत नाही.

तिसरा आक्षेप, हे इंजिनिअरांचं काम आणि खर्चिक. जेलिफिन हे २०१८ साली एम्बी या मीडिया सर्व्हरच्या सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेलं मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यासाठी दहा वॅट खाणारा छोटा संगणक वर्षभर अखंड चालला तरी वीज जाते ८८ युनिटच्या आसपास. ज्याला घरचं वायफाय लावता येतं, त्याला एका शनिवारात हे जमतं.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. डिस्क मरते. म्हणून घरच्या चित्रणाची दुसरी प्रत हवीच, आणि तीही वेगळ्या घरात. आपण सर्व्हर बहुधा बेसमेंटमध्ये ठेवतो, आणि जुलै २०१३ च्या पावसात टोरोंटो परिसरातल्या कितीतरी बेसमेंटांत पाणी शिरलं होतं.

चित्रपट थांबू शकतात, कॅसेटी थांबणार नाहीत. फीत वर्षागणिक खराब होते. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि ते यंत्र बनवणारं शेवटचं मोठं नाव संपलं. त्यात भारतातल्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, इथले जुने व्हीसीआर एनटीएससीचे, त्यामुळे त्या इथे नीट चालत नाहीत. पाल चालवणारं यंत्र इथल्या मराठी मंडळात कुणाकडे असेल तर या हिवाळ्यात ते मागून घ्या आणि सर्वांत आधी आईवडिलांच्या कॅसेटी उतरवा.