हिरवा दगड म्हणजे तांबं नव्हे

भोर-वेल्ह्याकडं विहीर खणताना हिरवट दगड निघाला की कुजबुज सुरू होते, खाली तांबं आहे! शेतकरी बंधूंनो, ही आशा सोडा. आपले डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून झाले. निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढं गारगोटी भरली आणि हिरवं खनिजही. तो हिरवा रंग लोहाचा.

तांब्याची गोष्ट निराळी. मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडची खाण पाहा. अनेक भूशास्त्रज्ञ ती ‘पॉर्फिरी’ जातीची मानतात. अशा ठिकाणी तप्त शिलारस जमिनीखालीच अडकून निवतो, त्यातून सुटलेल्या गरम खाऱ्या पाण्यानं खडक तडकतो आणि तांबं त्या बारीक भेगांत बसतं. तेही टनाला दहा किलोच्या आसपास! आपल्याकडचा रस वर येऊन पसरला, तिथं असा साठा व्हायचा कसा?

तेव्हा हिरवा खडा दाखवून कुणी जमिनीचा इसार करू म्हटलं, तर सही करू नका. सरपंच-तलाठ्यांनी आधी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना विचारावं. आणि तो बुडबुड्यांचा थर झिजलेला असेल, तर त्यात पाणी मुरतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावानं त्याची नोंद ठेवावी.