जाहिरातींतील रोगनामांचे उच्चार

माझगावाला लागून असलेल्या भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १८९७ साली प्लेगची लस सिद्ध केली. त्याच परिसरात आज घरोघरी ऐकू येणाऱ्या, हिंदीवरून घाईने मराठीत उतरविलेल्या औषधांच्या अनेक जाहिरातींत ‘कावीळ’ची ‘काविल’ आणि ‘गोळी’ची ‘गोली’ व्हावी, ‘जखम’ व ‘चाचणी’ यांतील दंत्य वर्ण तालव्य होऊन बसावेत, ही गोष्ट मला रुग्णाच्या हिताशी थेट निगडित वाटते. कारण ज्या वृद्धेला वेष्टनावरील मजकूर वाचता येत नाही, तिच्यापर्यंत औषधाचे ज्ञान कानावाटेच पोहोचते. सर्वांत स्पष्ट ऐकू यावी अशी सावधगिरीची सूचना तर एका दमात उरकली जाते! औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याने ‘जाहिरात’ या संज्ञेत तोंडी घोषणेचाही अंतर्भाव केला, मधुमेह बरा करण्याच्या दाव्यांना मनाई केली. उच्चारांची दखल मात्र त्यात नाही. म्हणून अशा प्रत्येक जाहिरातीचे मराठी ध्वनिमुद्रण प्रसारणापूर्वी मराठी जाणणाऱ्या वैद्याने ऐकून मंजूर करावे, असा नियम सरकारने करावा आणि त्याचा अंमल कंपन्यांकडून सक्तीने करवून घ्यावा.