आधी स्लॅब मोजा, मग लिफ्ट पाहा

ताथवडे, पुनावळे, वाकड या पट्ट्यात घराच्या तळमजल्याला गाळा काढणे ही आता रीतच झाली आहे. अशाच एखाद्या गाळ्यात शटरच्या आत बॉनेट उघडलेली गाडी उभी दिसते. गॅरेज चालवणारा कधी टेल्कोतून निवृत्त झालेला फिटर असतो, तर कधी चाकणची पहिली पाळी उरकून संध्याकाळी स्वतःची कामे घेणारा तरुण. जमिनीवर पाठ टेकून गिअरबॉक्स उतरवायचा कंटाळा आला आणि हातात थोडे पैसे आले, की ही मंडळी आमच्याकडे एकच विचारणा करतात: लिफ्ट किती टनी घ्यावी?

आमच्या मते हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. फॉर्च्युनर दोन टनांच्या थोडी पुढे जाते, पिंपरीच्या कारखान्यातून निघणारी हॅरियर त्याच्या आतच राहते. बाजारातली साधी टू पोस्ट लिफ्ट चार टनांची असते. म्हणजे टनाचा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे. खरी अडचण गाळ्याच्या उंचीत, रुंदीत आणि जमिनीत असते, आणि नेमके तेच कुणी मोजत नाही.

घरातला स्लॅब बहुधा दहा फुटांवर, म्हणजे 3.05 मीटरवर असतो. हॅरियरची उंची 1.72 मीटर. ट्यूबलाइट, वायरिंग आणि हाताची चूक यांसाठी वर 15 सेंटिमीटर जागा सोडली, तर गाडी 1.18 मीटरपेक्षा वर नेता येत नाही. 1.86 मीटर उंचीच्या स्कॉर्पिओ-एनला तर जेमतेम 1.04 मीटर मिळतात. त्यात मधून बीम गेला असेल तर आणखी फूटभर गेला. कॅटलॉगमधली 1.9 मीटरची उचल तुमच्या गाळ्यात कधीच वापरली जाणार नाही, पैसे मात्र तिचे मोजले जातील. वरून आडवी पट्टी जाणाऱ्या टू पोस्टचे खांब साडेतीन मीटरच्या पुढे जातात, ते घरगुती गाळ्यात उभेच राहत नाहीत. खालून पट्टी असलेल्या लिफ्टचे खांब 2.8 मीटरच्या आसपास असतात. ते स्लॅबखाली मावतात, पण बीमखाली येतीलच असे नाही. जी घ्याल तिचा वरचा लिमिट स्विच स्वतःच्या छतानुसार बसवून घ्या आणि सर्वांत उंच गाडी धरून बसवा. डिकीचे दार उघडे ठेवून गाडी वर घेण्याची सवय असेल तर ती आजच मोडा, कारण छताला पहिले तेच लागते.

उंची जमली तरी रुंदीचे काय? टू पोस्टची बाहेरून बाहेर रुंदी सुमारे 3.4 मीटर असते. दहा फुटी गाळा भिंतीपासून भिंतीपर्यंत 3.05 मीटर. पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. बारा फुटी गाळ्यात ती बसते, पण खांबामागे माणूस जायला जागा राहत नाही, आणि पॉवर युनिट तर खांबालाच टांगलेले असते.

आता जमीन. इथे थोडे थांबावे लागेल, कारण जिवाचा धोका इथेच आहे. टू पोस्टच्या बाह्या आतल्या बाजूला गाडीखाली लांब गेलेल्या असतात. म्हणून प्रत्येक खांब आत झुकू पाहतो आणि बेस प्लेटच्या बाहेरच्या बाजूचे अँकर बोल्ट जमिनीतून उपटू पाहतो. पावणेदोन-दोन टनांच्या गाडीसाठी ढोबळ हिशेब केला, तर एकेका खांबाच्या बाहेरच्या बोल्टांवर मिळून टनाच्या वर ओढ येते. ती सहन करायची कशाने? घराच्या पार्किंगमध्ये साधारणपणे खाली मुरमाचा भराव, त्यावर दगडी सोलिंग, वर 1:4:8 चा चार इंची कोबा आणि त्यावर टाइल किंवा शहाबादी फरशी असते. 1:4:8 म्हणजे एम 7.5, अगदी दुबळे काँक्रीट. चालायला आणि गाडी उभी करायला ते पुरते. बोल्ट धरून ठेवायला ते उपयोगाचे नाही. भरावाखाली काळी माती असेल तर पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी जमीन तो कोबाही तडकवते.

खात्री करायची तर हॅमर ड्रिलला 10 मिलिमीटरचा बिट लावा आणि गाळ्याच्या एका कोपऱ्यात सरळ खाली भोक पाडा. आधी फरशीची भुकटी येईल, मग राखाडी सिमेंटची. ज्या क्षणी बिट एकदम सैल होऊन आत जाईल आणि भोकातून तांबूस मुरूम वर येऊ लागेल, तिथे तुमचे काँक्रीट संपले. बिटवर खूण करून खोली मोजा. त्यातून फरशी आणि तिच्याखालचा मसाला वजा करा, कारण बोल्ट धरण्याच्या कामी ते दोन्ही येत नाहीत. बहुतेक घरांत हाताला तीन-चार इंच लागतात, तेही कमी ताकदीचे.

यावर उपाय आहे, फक्त तो लिफ्टच्या किमतीत धरलेला नसतो. फरशी आणि कोबा कापून काढा, कडक थर लागेपर्यंत खणा आणि उत्पादकाने दिलेल्या नकाशाप्रमाणे दोन्ही खांबांखालून सलग, लोखंडी जाळीसह किमान एम 25 चा पट्टा भरा. त्यावर रोज पाणी मारा आणि 28 दिवस वाट पाहा. लिफ्ट बसवायला आलेला माणूस ‘आठवड्यात होऊन जाईल’ म्हणत असेल तर त्याला परत पाठवा. पेव्हर ब्लॉकवर किंवा डांबरावर टू पोस्ट बसवण्याचा विषयच नको.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. या भागातल्या नव्या इमारतींत पार्किंग बरेचदा पोडियमवर असते, म्हणजे पायाखाली जमीन नसते, दुसरा स्लॅब असतो. त्यात अँकरसाठी भोक पाडणे म्हणजे इमारतीच्या सळईला किंवा ताण दिलेल्या केबलला हात घालणे. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय तिथे ड्रिल लावू नये, आणि तशी परवानगी मिळेल असे आम्हाला वाटत नाही.

मग दहा फुटी गाळ्यात करायचे काय? जुन्या लोकांचे उत्तर खड्डा. तो स्वस्त पडतो आणि छताची अडचण येत नाही. तरीही नवा खड्डा खणू नका असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साठून राहतात आणि हँडलॅम्पची एक ठिणगी त्यांना पुरते. शिवाय जूनमध्ये त्यात पाणी भरते. (सीएनजी हलका असतो, तो उलट छताला जाऊन साठतो. सीएनजी गाड्यांचे काम करणाऱ्यांनी शटरच्या वर झरोका ठेवावा.) दुसरा पर्याय फोर पोस्ट लिफ्टचा. तीत गाडी चाकांवरच उभी राहते. तेल बदलायला, सायलेन्सरच्या कामाला, अलाइनमेंटला ती चांगली, पण ब्रेक आणि सस्पेन्शनसाठी वेगळा ब्रिज जॅक लागतो. आणि पाच मीटरच्या पुढे जाणारी तिची लांबी गाळ्याची सगळी खोली खाऊन टाकते.

राहते ती मीटर-सव्वा मीटर उचलणारी सिझर लिफ्ट. तुमच्या छताखाली मिळणारी उचल नेमकी तेवढीच आहे, म्हणजे न वापरायच्या उंचीचे पैसे वाचतात. ती खाली बसली की साधारण चार-साडेचार इंच उरते, आपल्याकडच्या गाड्या तिच्यावरून सहज जातात. वजन तळावर पसरते आणि खांबासारखी उपटणारी ओढ येत नाही. सपाट, न तडकलेली जमीन मात्र तिलाही हवीच. चाके मोकळी राहतात. खाली चाकांच्या स्टुलावर बसून काम करावे लागते, पण कमरेला उताणे झोपण्यापेक्षा ते किती सोसवते हे वेगळे सांगायला नको. एकच चौकट मधोमध असलेली सिझर मात्र गिअरबॉक्स आणि सायलेन्सरच्या बरोबर आड येते. दोन बाजूंना दोन स्वतंत्र प्लॅटफॉर्म असलेली घ्या, जास्त पैसे पडले तरी घ्या.

विजेचेही बघून ठेवा. 2.2 किलोवॉटची मोटर सिंगल फेजवरही मिळते, त्यामुळे थ्री फेजसाठी अडून बसू नका. पण घरगुती मीटरवर धंदा चालवला तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने वसुली होऊ शकते. गाळ्याला व्यापारी जोडणी घेतलेली बरी. देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते हे या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. गाडी वर असताना वीज गेली तर हाताने खाली कशी घ्यायची, हे बसवणाऱ्या माणसाकडून पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने करून घ्या. तोंडी समजून घेतलेले ऐन वेळी आठवत नाही.

गाडी वर गेली, की थोडी खाली सोडून लॉकवर बसवायची आणि मगच खाली शिरायचे. तेलाच्या दाबावर तोललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, हाताखालच्या पोराला तर मुळीच पाठवू नये. जड काम असेल तेव्हा शिवाय घोड्या लावाव्यात. 1948 च्या कारखाना कायद्याने वजन उचलणारी यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची जाणकाराकडून वर्षातून एकदा तपासणी सक्तीची केली होती. दोन माणसांचे गॅरेज त्या कायद्यात बसत नसले तरी लोखंडी दोराला ते माहीत नसते. बंद पडलेल्या सर्व्हिस स्टेशनची जुनी लिफ्ट घेणार असाल तर आधी दोराच्या तुटलेल्या तारा, लॉकचे झिजलेले दाते आणि बाह्यांचे रबर पाहा, मग भावाचे बोला.

इलेक्ट्रिक गाड्यांनी यात एक नवी बाब आणली आहे. चाकणमध्येच तयार होणाऱ्या बीई 6 सारख्या गाडीची बॅटरी पूर्ण तळ व्यापते आणि उतरवायची तर खालीच उतरते. म्हणून पॅड फक्त कंपनीने दाखवलेल्या जॅकिंग पॉइंटवरच लागले पाहिजेत, बॅटरीच्या खोक्याला त्यांचा स्पर्शही होता कामा नये. प्लॅटफॉर्म लांबीने कमी पडतो का, हे लिफ्ट घेण्याआधी अशी एक गाडी प्रत्यक्ष तिच्यावर उभी करून बघा. विकणारा नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जा.

दहा फुटी गाळ्यात ज्या वाचकांनी सिझर लिफ्ट बसवली आहे, त्यांनी स्लॅबची आणि बीमची उंची, काँक्रीटची जाडी आणि कोणती गाडी किती वर जाते, एवढी मोजमापे आम्हाला कळवावीत. पुढच्या अंकात ती तक्त्यासह छापू.